निवृत्तीची रंगीत तालीम

तुमच्या घरात महिन्याला मीठ किती लागतं, हे तुम्हाला छातीवर हात ठेवून सांगता येईल का? नाही ना? मग तुम्ही शहाणे आहात आणि सुखीही आहात. मन्मथअप्पांना ते सांगता येत होतं. निदान त्यांना तसं वाटत होतं, आणि पुढचं सगळं त्या वाटण्यापायीच घडलं.

मन्मथअप्पा लातूरच्या एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक होते. लातूर नुसतं तालुका होतं तेव्हा या कचेरीचा संसार सुटसुटीत होता. एक साहेब, चार कारकून, एक शिपाई. साहेब बहुतेक वेळा मीटिंगसाठी उस्मानाबादला असायचे, त्यामुळं कामं वेळेवर व्हायची. मग लातूर जिल्हा झालं. गोलाईत, म्हणजे गावातल्या गोल बाजारपेठेत, फटाके वाजले, साखर वाटली, अप्पांनीही गर्दीत घुसून दोन पेढे मिळवले. आता पाणी येणार, मोठी रेल्वे येणार, कारखाने येणार, असं जो तो म्हणत होता. पाणी तर सोडाच, त्यानंतर पाऊससुद्धा धड आला नाही. मांजरा नदीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळायला लागली. जिल्ह्यात भरभरून काही आलं असेल तर ते साहेब. मोठे साहेब, मधले साहेब, साहेबांच्या रजेत काम पाहणारे साहेब. त्यांना बसायला जागा हवी म्हणून अप्पांची खिडकीजवळची खुर्ची गेली आणि त्यांना रेकॉर्डरूमच्या दाराशी बसवण्यात आलं. तिथं येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांच्या कोपराला धक्का देऊन 'सॉरी अप्पा' म्हणायचा. दिवसाकाठी ज्याची एवढ्यांदा माफी मागितली जाते असा दुसरा माणूस जिल्ह्यात नसेल.

अशात एक परिपत्रक आलं. काही पदं जादा झाली आहेत, पैकी काही माणसं उस्मानाबादला परत पाठवली जातील. ज्यांची वीस वर्षांपेक्षा जास्त नोकरी झाली आहे त्यांना वाटल्यास स्वेच्छेनं निवृत्त होता येईल, अर्ज मुदतीत करावा, एकदा केलेला अर्ज परत घेता येणार नाही.

'स्वेच्छेनं' हा शब्द अप्पांना फार आवडला. लग्नापासून आजपर्यंत त्यांनी स्वेच्छेनं केलेली एकही गोष्ट त्यांना आठवेना. (लग्नसुद्धा थोरल्या भावानं ठरवलं होतं.)

संध्याकाळी गोलाईत त्यांना शेषेराव भेटले. शेषेराव म्हणजे त्यांच्याच कचेरीतले, गेल्या वर्षी अशीच निवृत्ती घेतलेले. गाल वर आलेले, कपडे इस्त्रीचे, तोंडात पान. अप्पांनी पेन्शनमध्ये कसं भागतं असं विचारल्यावर शेषेराव पिंक टाकून म्हणाले, "एक महिना तेवढ्याच पैशात राहून बगा की. जमलं तर द्या अर्ज. तालीम केल्याबिगर नाटक करू नये."

शेषेरावांच्या गावाकडं बागायत होती आणि बसस्टँडजवळ दोन दुकानं भाड्यानं दिलेली होती. हे त्यांनी सांगितलं नाही, आणि अप्पांनाही ते त्या क्षणी आठवलं नाही. माणसाला दुसऱ्याचे गाल दिसतात, बागायत दिसत नाही.

अप्पा घरी आले ते ठरवूनच. रजा भरपूर साठली होती. दिवाळी सरलेली, संक्रांत लांब, मधला महिना सणाचा ना पाहुण्याचा. तोच तालमीला पकडायचा. पेन्शन पगाराच्या जेमतेम निम्मी बसणार होती. तेवढे पैसे काढून रत्नम्माच्या हातात द्यायचे आणि बाकीच्याला हात लावायचा नाही. त्यांनी कचेरीतला एक ताव घेऊन त्यावर घरखर्चाची कलमं लिहिली. दूध, किराणा, वीज, वर्तमानपत्र, नांदेडला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या बसवराजची मेस, आणि मीठसुद्धा. येळवस महिन्याच्या शेवटी येत होती खरी, पण ती दर वर्षी रेणापूरला थोरल्या भावाच्या शेतात जेवूनच साजरी व्हायची, म्हणून तिच्यापुढं त्यांनी सरकारी अक्षरात 'निरंक', म्हणजे शून्य, असं लिहिलं.

रत्नम्मानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग तिनं एकच विचारलं, "म्हणजे तुम्ही दिवसभर घरातच असणार?"

त्या आवाजात प्रेम भरलेलं आहे असं अप्पांना वाटलं.

तिचं म्हणणं तिनं नंतर मांडलं. पोराची अजून दोन वर्षं राहिली आहेत, तेवढी होऊ द्या, उस्मानाबादला जावं लागलं तर रोज यष्टीनं जा-ये करा, पण हे तालीमबिलीम नको. अप्पांनी तिला समजावलं की बायकांना आर्थिक नियोजन कळत नाही. (त्या घरचा किराणा बावीस वर्षं रत्नम्मा भरत होती. अप्पांना दुकान कुठल्या बाजूला आहे हेही नीट ठाऊक नव्हतं.) आणि एक गोष्ट त्यांनी पक्की बजावली की यातलं अवाक्षर बाहेर जाता कामा नये. कचेरीत कळलं तर खुर्चीवर डोळा ठेवणारे चार जण तयारच होते, आणि भावकीत कळलं तर सल्ले ऐकता ऐकता रजा संपली असती.

"कुणालाच सांगू नको?" रत्नम्मानं विचारलं.

"कुणालाच. महिना पुरा होईस्तोवर."

आणि तेवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून त्यांनी तिला शपथ घ्यायला लावली. साधीसुधी नाही. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन. रत्नम्मानं पदर सावरला, लिंग हातावर घेतलं, डोळे मिटले आणि महिना पुरा होईपर्यंत याविषयी तोंड उघडणार नाही असं म्हटलं. अप्पांना आपल्या दूरदृष्टीचं फार कौतुक वाटलं.

तालीम सुरू झाली. वर्तमानपत्र बंद केलं. ते न्हाव्याच्या दुकानात फुकट वाचायला मिळतं हे अप्पांच्या लक्षात आलं होतं, फक्त दाढी न करता तिथं रोज बसून राहण्याची लाज वाटायची, म्हणून ते रोज न्हाव्याच्या आजारी सासूची चौकशी करायचे. दूध निम्म्यावर आणलं. चहा कोरा प्यायचा ठरलं. विजेचा एकच दिवा, तोही माणूस जिथं असेल तिथं लावायचा, त्यामुळं रत्नम्मा स्वयंपाकघरात गेली की अप्पा अंधारात बसायचे. रिक्षा नाही, पान नाही, इस्त्री नाही. त्यातच नळाला पाणी आठवड्यातून एकदा, तेही मूड असला तर. एरवी रत्नम्मा पाणी भरायला एका बाईला पैसे द्यायची. ते कलम अप्पांनी एका फटक्यात खोडलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः घागर घेऊन गल्लीतल्या हापशावर रांगेत उभे राहिले. त्या रांगेत त्यांच्यापुढं सात बायका होत्या आणि मागं नऊ. सगळ्या एकाएकी गप्प झाल्या.

आता हे सगळं समोरच्या दारातून कस्तुराबाई पाहत होत्या. कस्तुराबाई वाईट बाई नव्हत्या. उलट मनानं इतक्या मऊ होत्या की दुसऱ्याच्या दुःखाची नुसती चाहूल लागली तरी त्यांना राहवत नसे. कामाच्या दिवशी घरात बसलेला सरकारी माणूस, बंद झालेलं वर्तमानपत्र, निम्मं दूध, अंधार, आणि आता हातात घागर. यातून जो अर्थ निघतो तो त्यांनी काढला. त्या रत्नम्माकडं येऊन बसल्या.

"अक्का, अप्पा घरीच दिसायलेत. बरं नाही का?"

"बरे आहेत."

"मग कचेरीत काही?"

रत्नम्माला शपथ होती. तिनं मान खाली घातली आणि ज्वारी निवडू लागली.

झालं. मान खाली घातली, यापेक्षा आणखी कोणता पुरावा लागतो? संध्याकाळपर्यंत गल्लीत कळलं की मन्मथअप्पा सस्पेंड झाले. दुसऱ्या दिवशी का झाले तेही कळलं. तिसऱ्या दिवशी रक्कम कळली. (ती दिवसागणिक वाढत गेली. अप्पांच्या हाताखालून उभ्या नोकरीत तेवढा पैसा गेला नसेल.)

मग माणसं भेटायला येऊ लागली. मयतीला येतात तशी. येऊन बसायची, छताकडं बघायची, सुस्कारा सोडायची आणि म्हणायची, "चालायचंच." अप्पा सांगायचे की मी रजेवर आहे. त्यावर पाहुणा डोळे मिटून समजुतीनं मान हलवायचा आणि आपल्या ओळखीतल्या एखाद्या सस्पेंड माणसाची हकीकत सांगायचा, जो पुढं निर्दोष सुटला, पण तोवर वारला. आलेल्याला कोरा चहा देता येत नाही. दूध लागतं, साखर लागते. पहिल्या आठवड्यातच महिन्याची साखर सहानुभूतीत विरघळली. अप्पांनी तावावर 'संकीर्ण' असं एक नवीन कलम काढलं आणि तालीम मोडणार अशी भीती त्यांना पहिल्यांदा वाटली.

पण तालीम मोडली नाही. उलट पुढच्या आठवड्यापासून चमत्कार झाल्यासारखा खर्च आटोक्यात आला. चहात दूध दिसायला लागलं. ताटात दोन भाज्या. एके दिवशी तर धपाट्यांवर लोण्याचा गोळा. अप्पा रोज विचारायचे, आज किती खर्च झाला? रत्नम्मा म्हणायची, काही नाही. "काही नाही कसं?" असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. तिनं एक-दोनदा स्वतःहून सांगायला तोंड उघडलं होतं, की अहो, दूधवाला, पण अप्पांनी हात वर करून तिला थांबवलं. "तपशील नको. आकडा सांग." साहेब लोक कचेरीत असंच बोलायचे आणि अप्पांना ते फार दिवसांपासून कुणाला तरी म्हणायचं होतं.

महिना संपत आला तेव्हा पेन्शनएवढ्या पैशातले थोडे शिल्लकही राहिले. अप्पांनी ताव पुन्हा पुन्हा वाचला. मग कोरा कागद घेऊन स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहिला, सुंदर अक्षरात, समासासह. सही केली. घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. येळवस झाली की दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन तो द्यायचा, एवढंच राहिलं होतं. रत्नम्मानं घडी पाहिली, आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. महिना अजून पुरा झाला नव्हता.

येळवशीला दोघं सकाळच्या यष्टीनं रेणापूरला गेले. येळवस म्हणजे काय हे लातूरकराला सांगायला नको, बाहेरच्यासाठी सांगते. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडं गावं ओस पडतात आणि शेतं भरतात. शेतात कडब्याचं खोपटं, म्हणजे कोप, करायची, तिच्यात पाच पांडव मांडून पुजायचे, शेताभोवती आंबील शिंपडायची आणि मग पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आंबील असं जेवायचं. बांधावरून जाणाऱ्या परक्या माणसालाही हाताला धरून बसवायचं. पण या वर्षी दुष्काळ. विहिरीत खडक उघडा पडलेला, ज्वारी गुडघ्याच्या वर गेलेली नाही. वीरभद्रअण्णांनी, म्हणजे अप्पांच्या थोरल्या भावानं, दिवाळीतच सांगितलं होतं की औंदा फक्त पूजेपुरतं करू, घरचीच चार माणसं.

अप्पा शेताजवळ पोचले तर बांधावर बैलगाड्या उभ्या. कोपीपुढं सत्तर-ऐंशी माणसं. निलंग्याचे पाहुणे, मुरुडचे पाहुणे, उदगीरचे दाजी. आंबिलीचे मोठे मोठे डेरे. दोन चुली पेटलेल्या. अप्पांना पाहताच सगळ्यांचं बोलणं थांबलं आणि एका म्हाताऱ्या आत्यानं डोळ्याला पदर लावला.

आता कस्तुराबाईंचं माहेर रेणापूरचं, हे तुम्हाला सांगायचं राहिलंच. अप्पांनाही त्याची कुणी आठवण करून दिली नव्हती.

वीरभद्रअण्णा पुढं आले. सहा फुटी माणूस, जन्मात कधी कुणापुढं हात न पसरलेला. त्यांनी धाकट्या भावाला सगळ्यांसमोर छातीशी धरलं.

"मन्मथा, मान वर कर. आम्ही अजून जित्ते हाव."

"अण्णा, मला काय झालंय?"

"काई झालं न्हाई. कुणी इचारलं तर हेच म्हणायचं."

अप्पांना खाली बसवलं, वाढलं. लोक त्यांना आग्रह करत होते, पण कुणी थट्टा करत नव्हतं, आणि येळवशीला थट्टा होत नाही म्हणजे काहीतरी फार वाईट घडलेलं आहे. हळूहळू त्यांना कळत गेलं. अण्णांनी हे एवढं सगळं केलं होतं ते आपल्यासाठी. भावकीत कुणी म्हणू नये की मन्मथची नोकरी गेली आणि घर वाकलं. म्हणून दुष्काळातल्या वर्षात, टँकरचं पाणी घालून, अण्णांनी आजवर कधी केली नव्हती एवढी मोठी येळवस केली होती. पत्रावळीवरचा प्रत्येक पदार्थ अप्पांकडं डोळे लावून बसला आहे असं त्यांना वाटू लागलं. मुळात 'निरंक' लिहिलेलं हे कलम होतं.

जेवणं आटोपल्यावर अण्णांनी घसा खाकरला. सगळी मोठी माणसं आधीच बोलून बसली होती, फक्त सांगायचं होतं.

"बसवराजची दोन वर्षं राहिलीत. त्याचं हॉस्टेल, मेस तुला या घडीला झेपायचं न्हाई. मी उद्या पहिल्या यष्टीनं नांदेडला जातो आन् पोराला घेऊन येतो. दाजी त्याला उदगीरला दालमिलवर घेतात. तुझं निस्तरलं की पुढचं पुढं बघू."

दाजींनी मान डोलावली. पोरगं हिशोबाला बरं आहे असं ऐकलंय म्हणाले.

अप्पांनी आंबिलीचा पेला खाली ठेवला. शिक्षण म्हणजे त्या पोराचा जीव होता. गावातला पहिला इंजिनिअर होणार म्हणून याच अण्णांनी दोन वर्षांपूर्वी शेतात माणसं जेवू घातली होती. अण्णा एकदा बोलले की उठणार आणि निघणार, हे अप्पांना लहानपणापासून ठाऊक होतं. आता लाज राखण्याची वेळ राहिली नव्हती.

"अण्णा, ऐका. मी सस्पेंड न्हाई. मी रजेवर हाय."

"सस्पेंड माणूस आणखी काय म्हणतो?" अण्णा मायेनं म्हणाले.

"खरंच. मला निवृत्ती घ्यायची हाय. पेन्शनीत भागतंय का ते बघायचं होतं. म्हणून मुद्दाम निम्म्या पैशात राहत होतो."

दाजी थोडे पुढं सरकून बसले.

"पगार हातात असताना?"

"हाव."

"आन् कोरा चहा?"

"हाव."

"अंधारात बसत होता म्हणे."

"तेबी."

दाजींनी अण्णांकडं पाहिलं आणि अगदी हलकेच स्वतःच्या कपाळाला बोट लावलं. आतापर्यंत अप्पा नुसतेच सस्पेंड होते. त्या एका बोटासरशी त्यांच्या डोक्यावरही परिणाम झाला.

अप्पा घायकुतीला आले. त्यांनी बायकांच्या घोळक्याकडं पाहून हाक मारली, "अगं, तू तरी सांग यांना."

सगळ्या माना रत्नम्माकडं वळल्या. रत्नम्मा एका परातीत उरलेले उंडे भरत होती. तिनं हात पुसले, पदर डोक्यावरून घेतला आणि जमिनीकडं पाहत उभी राहिली.

"सांग की गं. माझी नौकरी गेलीय का?"

रत्नम्मा गप्प.

"आता सांगायला काई हरकत न्हाई. मी सोडलं तुला शपथेतून."

तेव्हा रत्नम्मा बोलली. हळू, पण कोपीच्या मागं बसलेल्या गड्यांनाही ऐकू जाईल असं.

"शपथ तुमच्यापाशी घेतली न्हाई. लिंगापाशी घेतलीय. महिना पुरा व्हायला अजून उद्याचा दिवस हाय."

म्हातारी आत्या हमसून रडायला लागली. नवऱ्याची लाज झाकण्यासाठी लिंगाची शपथ घेतलेली बायको, त्या सगळ्यांच्या उभ्या आयुष्यात कुणी पाहिली नव्हती. बायकांनी रत्नम्माला मधे घेतलं. अण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, "मन्मथा, लक्ष्मी हाय तुझ्या घरात. आता पुढं काई बोलू नकोस."

रत्नम्मानं त्या गर्दीतून एकदा नवऱ्याकडं पाहिलं. रडणाऱ्या बाईचे डोळे असे नसतात हे अप्पांना दिसलं, पण ते सांगणार कुणाला?

शेवटी अप्पांनी अण्णांचे पाय धरले. म्हणाले, उद्या सकाळी माझ्याबरोबर कचेरीत या. तुमच्या डोळ्यांदेखत रजा रद्द करून हजर होतो. मला आत घेतलं नाही, तर खुशाल नांदेडची यष्टी पकडा. अण्णांनी त्यांना उठवलं. मग म्हणाले, बरं. आधी कचेरी, मग नांदेड. आणि ते धोतर झटकून त्यांच्याबरोबरच लातूरला निघाले.

परतीच्या यष्टीत गर्दी होती. अण्णांना पुढं ड्रायव्हरच्या मागं जागा मिळाली, नवरा-बायको मागच्या बाकावर. मग अप्पांनी कोटाच्या खिशावर हात ठेवून विचारलं, की पण महिना तर भागला होता, थोडे शिल्लकसुद्धा राहिले, त्याचं काय?

रत्नम्मानं इकडंतिकडं पाहिलं. पैशांबद्दल बोलायचं नाही अशी काही शपथ नव्हती. मग तिनं तपशील सांगितला. आकडा नाही, तपशील. दूधवाला रोज मूळचंच माप घालत होता आणि पैसे नंतर द्या म्हणत होता. भाज्या कस्तुराबाईंच्या होत्या. लोणी न्हाव्याच्या सासूनं पाठवलं होतं, रोज एवढ्या मायेनं विचारपूस करणारा माणूस उपाशी राहू नये म्हणून. किराणावाल्यानं डाळ दिली. तिनं नको नको म्हटलं, कारण सांगता येईना, मग त्यांनी ते उंबऱ्यावर ठेवून जायला सुरुवात केली.

अप्पा खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर उजाड माळ पळत होता.

"मग पेन्शनीत भागत न्हाई म्हण की."

"भागतंय की," रत्नम्मा म्हणाली. "फक्त दर महिन्याला सस्पेंड व्हावं लागंल."

कंडक्टर तिकिटासाठी आला. अप्पांनी पैसे काढायला खिशात हात घातला तर अर्जच बाहेर आला. रत्नम्मानं तो त्यांच्या हातातून घेतला, उलगडला, अक्षर छान आहे म्हणाली, आणि उरलेले उंडे बांधून घेतलेल्या फडक्याला खालून तेल लागत होतं तिथं त्याची घडी नीट लावली. पोराची दोन वर्षं होऊ द्या, ती म्हणाली, मग काय व्हायचं ते व्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मन्मथअप्पा पावणेदहाला कचेरीत हजर झाले, वीरभद्रअण्णांनी साहेबांपुढं हात जोडून चुकल्या भावाला एकवार पदरात घ्या म्हणून विनंती केली, आणि साहेबांनी, काय झालंय हे न विचारताच, या वेळेपुरतं माफ केलं.